हाताची भूल: सुई मानेशी, काखेत की मनगटाजवळ?

आंब्याचा हंगाम सुरू झाला की कोकणात मनगटं मोडायला लागतात. एप्रिल-मेमध्ये कलमावरून पडलेले, पावसात शेवाळलेल्या खळ्यात घसरलेले, १ ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठली की जाळं ओढायच्या विंचमध्ये बोटं सापडलेले. कोयता, चिरेखाणीतलं कटर आणि महामार्गावरची दुचाकी यांना हंगाम नसतो, ती बाराही महिने. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान रुग्णालयांत भूल देताना माझी हातांशीच जास्त गाठ पडते. आणि ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "पूर्ण भूल देणार की अर्धी?"

अर्धी भूल म्हणजे कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करणं. सिझेरियन आणि हर्नियामुळे ती घराघरात माहीत आहे. पण ती हाताच्या कामाची नाही. हातासाठी तिसरा मार्ग असतो: हाताकडे जाणाऱ्या नसा वाटेतच कुठेतरी गाठायच्या आणि त्यांच्याभोवती भुलीचं औषध सोडायचं. यालाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात. माणूस जागा, श्वास त्याचा तो घेतोय, आणि हात मात्र काही तास पूर्ण झोपलेला. हल्ली हे काम सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत केलं जातं. ही वाट अडवायच्या जागा मात्र एकापेक्षा जास्त आहेत, आणि प्रत्येक जागेचे फायदे-तोटे वेगळे. त्यामुळे शेजारच्या काकांना मानेजवळ सुई दिली आणि आमच्या आईला काखेत का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

हाताच्या सगळ्या नसा मानेतून निघतात. मानेतल्या खालच्या चार आणि छातीतल्या पहिल्या अशा पाच मुळ्या मणक्यांतून बाहेर पडतात. मानेच्या बाजूला त्या एकत्र येऊन तीन खोडं होतात. कॉलर बोनच्या मागे ती पुन्हा फाटतात आणि हाडाखाली नव्याने जुळून तीन दोर बनतात. काखेपाशी त्या दोरांच्या वेगवेगळ्या नसा झालेल्या असतात. या सगळ्या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. कोपराखालच्या भागासाठी त्यातल्या चार नसा महत्त्वाच्या. मीडियन नस अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची तळव्याकडची बाजू सांभाळते. अल्नार नस करंगळीची. रेडियल नस हाताची मागची बाजू आणि मनगट वर उचलण्याचं काम बघते. चौथी मस्क्युलोक्युटेनियस, जी कोपर वाकवते आणि अंगठ्याच्या बाजूच्या पुढच्या हाताच्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागाच्या, कातडीपर्यंत पोचते.

आता वीज जाते तेव्हा काय होतं ते आठवा. सबस्टेशनलाच फॉल्ट आला तर अख्खा गाव अंधारात. वाडीच्या डीपीवर आला तर वाडी. घरासमोरच्या खांबावर वायर तुटली तर एकच घर. ब्लॉकचंही तसंच आहे. सुई जितकी वर, मानेकडे, तितक्या सगळ्या नसा एका जागी, कमी टोचण्यात मिळतात. पण वर शेजार धोक्याचा आहे: फुप्फुसाचं टोक, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासाच्या पडद्याची नस. खाली उतरावं तसा शेजार सुधारतो, पण नसा पांगलेल्या असतात. मग प्रत्येकीला वेगळं गाठावं लागतं. पुढचं सगळं याच देवाणघेवाणीभोवती फिरतं.

पडद्यावर काय दिसतं? साध्या, उथळ भाग स्पष्ट दाखवणाऱ्या सपाट प्रोबला जेली लावून तो कातडीवर टेकवला की धमनी धडधडणाऱ्या काळ्या गोलासारखी दिसते. शीरही काळी असते, पण प्रोबने जरा दाबलं की ती चपटी होऊन नाहीशी होते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण दाब देऊन काम करणाऱ्याला शीर दिसतच नाही, आणि न दिसलेल्या शिरेत औषध जाऊ शकतं. हाड म्हणजे चकचकीत पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळोख. फुप्फुसाचं आवरणही पांढरी रेघच, पण ती श्वासाबरोबर सरकते. नसा मानेजवळ काळसर ठिपक्यांचा पुंजका दिसतात, हातात उतरल्यावर त्यांच्यात पांढरे धागे दिसू लागतात. सुई प्रोबच्या लांबीला समांतर घातली तर टोकासकट तिची दांडी पडद्यावर येते. टोक दिसत नसेल तर सुई पुढे ढकलायची नाही, हा या कामातला पहिला नियम.

यंत्र येण्याआधी हे सगळं अंदाजाने चालायचं. १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर होतो हे कळलं आणि त्यानंतर लगेचच हॅल्स्टेड या अमेरिकन सर्जनने मानेत छेद घेऊन, नसा उघड्या करून त्यांवर कोकेन सोडलं. कातडीतून सुई घालून हाताच्या नसा बधिर करण्याच्या पद्धती जर्मनीत १९११ मध्ये आल्या. हिर्शेलने काखेतून, कुलेनकाम्फने कॉलर बोनच्या वरून. कुलेनकाम्फने तर आधी स्वतःवरच प्रयोग केला. पुढची अनेक दशकं धमनीची धडधड बोटाने चाचपायची आणि सुई नसेला लागून हातात झिणझिणी गेली की औषध सोडायचं, असा प्रकार होता. मग नसेला बारीक विजेचा झटका देऊन बोट उडतंय का बघणारं यंत्र आलं. सोनोग्राफीखाली कॉलर बोनच्या वरचा ब्लॉक करून त्याचं वर्णन व्हिएन्नाच्या काप्राल आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि तिथून चित्र पालटलं.

आता एकेक जागा. या जागांत सगळ्यात वरचा, मानेतल्या स्नायूंच्या फटीत दिला जाणारा ब्लॉक खांद्यासाठी उत्तम आणि पंजासाठी निरुपयोगी. तिथे टाकलेलं औषध वरच्या मुळ्यांना भिजवतं, करंगळीकडे जाणाऱ्या खालच्या मुळ्या बहुतेक वेळा कोरड्याच राहतात. शिवाय श्वासाच्या पडद्याची नस तिथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हाताच्या चर्चेत तो इथेच सोडून देऊ.

कॉलर बोनच्या वरचा, म्हणजे सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक. इथे नसा सगळ्यात दाट जमलेल्या असतात आणि कातडीपासून एक-दोन सेंटिमीटरवरच. औषध वीस-पंचवीस मिलीलिटर, सुई एकदा किंवा दोनदा, आणि पंधरा-वीस मिनिटांत दंडापासून बोटापर्यंत हात ढिला. मोडलेलं मनगट प्लेट बसवायला आलेला पंचविशीतला धडधाकट खलाशी असेल, तर मी डोळे झाकून हाच निवडते, म्हणजे निवड डोळे झाकून, सुई नव्हे. मोडलेला हात हलवावा लागत नाही, मान जरा पलीकडे वळवली की झालं.

या जागेत एक कोपरा आहे ज्याची खरी परीक्षा होते. पडद्यावर धमनी आणि तिच्याखालची पहिली बरगडी यांच्यामध्ये एक लहानशी खाच दिसते. करंगळीकडे जाणारं खालचं खोड त्या खाचेत दडून बसलेलं असतं. औषध वरच्यावर पसरलं की अंगठा, तर्जनी सगळं बधिर होतं आणि पंधरा मिनिटांनी तपासताना रुग्ण म्हणतो, "करंगळीला मात्र गार लागतंय." म्हणजे खाच राहिली. म्हणून सुईचं टोक तिथे नेऊन, बरगडीचा आधार ठेवून, थोडं औषध सोडतात. धमनी वर उचलली गेलेली दिसली की काम झालं. पण त्याच बरगडीच्या एका बाजूला फुप्फुसाचं आवरण सुरू होतं. सुई चार-पाच मिलिमीटर भलतीकडे गेली की छातीत हवा भरण्याचा धोका. अंदाजाने सुई घालायच्या काळात हे शंभरातल्या काही रुग्णांना व्हायचं, आणि त्या भीतीपायी कित्येकांनी हा ब्लॉकच सोडला होता. सोनोग्राफीने हा धोका खूप खाली आणला. शून्य केलेला नाही.

दुसरा मुद्दा श्वासाचा. वरून टाकलेलं औषध मानेकडे पसरतं आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांत त्या बाजूचा श्वासपटल काही तास ढिला पडतो. तरण्या माणसाला पत्ताही लागत नाही. पण वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या, दम्याच्या पंपावर असलेल्या सत्तरीच्या आजीला, किंवा चाळीस वर्षं विड्या ओढलेल्या तांडेलाला तो जाणवतो, कधीकधी ऑक्सिजन लावावा लागतो. म्हणूनच दोन्ही हातांचं ऑपरेशन असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी हा ब्लॉक देत नाहीत. काहींची पापणी उतरते, डोळा लाल होतो, आवाज घोगरा होतो. औषध उतरलं की हे सगळं जातं, पण आधी सांगितलं नसेल तर बाहेर बसलेल्या घरच्यांना वाटतं, आईला झटका आला.

कॉलर बोनच्या खालचा, इन्फ्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक. छातीच्या दोन स्नायूंच्या खाली, धमनीभोवती ते तीन दोर असतात. धमनीच्या मागे, म्हणजे पडद्यावर घड्याळात सहा वाजतात त्या जागी औषध सोडलं की ते खालून दोन्ही बाजूंना चढतं आणि तिन्ही दोर एकाच सुईत भिजतात. श्वासपटलाला त्रास बराच कमी. फुप्फुस जरा लांब. हात अंगालगत ठेवूनही करता येतो, आणि मोडक्या हाताला हे फार मोलाचं. औषधाची बारीक नळी तिथे ठेवून दोन-तीन दिवस वेदना थोपवायची असेल तर ही जागा सगळ्यात सोयीची, कारण छातीवर चिकटवलेली नळी हलत नाही. तोटा एकच, पण मोठा: खोली. नसा तीन ते सहा सेंटिमीटर खाली, सुई तिरकी आणि खोल, त्यामुळे पडद्यावर ती अंधुक दिसते. जाड, भरलेल्या छातीच्या माणसात तर सुईचं टोक शोधताना घाम फुटतो. आणि धमनीला सुई लागली तर वरून दाबून रक्त थांबवायची सोय नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णात मी ही जागा टाळते.

तिथे काखेतला, अ‍ॅक्सिलरी ब्लॉक उपयोगी पडतो. धमनी बोटाखाली, नसा एक-दोन सेंटिमीटरवर, काही लागलं तर दाबून धरा. फुप्फुस नाही, श्वासाची नस नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जुना दमा, एकच फुप्फुस नीट चालणारा माणूस, या सगळ्यांना ही जागा मानवते. पण नसा इथे पांगलेल्या. मीडियन धमनीच्या एका अंगाला, अल्नार दुसऱ्या, रेडियल धमनीच्या मागे, आणि मस्क्युलोक्युटेनियस तर कळप सोडून शेजारच्या स्नायूंमध्ये जाऊन बसलेली. चौघींना चार वेळा गाठायचं. मस्क्युलोक्युटेनियस विसरली तर पंजा पूर्ण बधिर आणि अंगठ्याच्या बाजूच्या पुढच्या हाताची कातडी जागी, नेमकी जिथे सर्जन छेद घेणार असतो ती. त्यात हा ब्लॉक देताना हात बाजूला नव्वद अंशात उचलून ठेवावा लागतो. मोडलेलं मनगट घेऊन आलेल्या माणसाला ते सांगून बघा!

या तिघांत सरस कोण? २००९ मध्ये कॅनडातल्या एका गटाने १२० रुग्णांना चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटलं आणि सोनोग्राफीखाली हे तिन्ही ब्लॉक दिले. यशाचं प्रमाण तिन्हींत जवळजवळ सारखं, भूल पूर्ण व्हायला लागलेला एकूण वेळही सारखा. काखेत सुई जास्त वेळा फिरवावी लागली, आणि पापणी उतरण्यासारखे प्रकार कॉलर बोनच्या वरच्या ब्लॉकमध्ये जास्त दिसले. म्हणजे हात सराईत असेल तर तिन्ही चालतात, आणि निर्णय ठरतो तो रुग्णाच्या फुप्फुसावर, गोळ्यांवर आणि हात किती हलतो त्यावर. "आमच्याकडे सगळ्यांना एकच ब्लॉक देतात" हे कौतुकाचं वाक्य म्हणून सांगितलं जातं, तेव्हा मला ते पटत नाही.

अजून खाली उतरलं की चित्र वेगळं होतं. पुढच्या हाताच्या मध्यावर मीडियन नस दोन स्नायूंच्या थरांमध्ये ठळक दिसते, अल्नार नस आपल्या धमनीच्या कुशीत, रेडियलची फांदी कोपराजवळ. प्रत्येकीला चार-पाच मिलीलिटर औषध पुरतं. बोटं बधिर होतात, पण बोटं हलवणारे स्नायू वर, कोपराजवळ असल्याने ते जागे राहतात. कोयत्याने बोटाचा स्नायुबंध तुटला असेल तर ही मोठी सोय आहे. सर्जन टाके घालतो आणि टेबलावरच म्हणतो, "बोट वाकवा बघू." शिवलेला बंध ताणात टिकतो का, कप्प्यात अडकतो का, हे तिथल्या तिथे कळतं. वरच्या ब्लॉकमध्ये हात मेल्यासारखा पडलेला असतो, तिथे ही परीक्षा घेता येत नाही.

इथे अडचण पट्ट्याची. रक्त थांबवायला दंडाला हवेचा पट्टा, ज्याला आम्ही टूर्निके म्हणतो, बांधून सहसा अडीचशेच्या आसपास दाबाने फुगवतात. दंड जागा असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी त्या पट्ट्याची कळ असह्य होते. मनगटाची भूल कितीही छान असली तरी दंड दुखतोच. पट्टा कोपराखाली बांधला तर थोडा जास्त वेळ निभतो. दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीला तर छातीतून येणारी एक वेगळीच नस असते, ती या सगळ्या जाळ्याच्या बाहेरची, म्हणून काखेत कातडीखाली वेगळी औषधाची रेघ मारायची पद्धत आहे. वरचा ब्लॉक दाट बसला असेल तर तिची गरज बहुधा पडत नाही.

पट्टाच नको म्हणणारी पद्धत कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड या हाताच्या सर्जनने लोकप्रिय केली. भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळून ते छेदाच्या जागेभोवतीच टोचायचं, अर्धा तास थांबायचं, रक्त आपोआप आटतं. बोटात अ‍ॅड्रेनलिन दिलं की बोट काळं पडतं, हे आम्हाला कॉलेजात घोकून घेतलेलं वाक्य. ते जुन्या, खराब झालेल्या प्रोकेन या भुलीच्या औषधाच्या काळातलं होतं. आता ते मागे पडलंय, आणि गरज पडलीच तर अ‍ॅड्रेनलिनचा उतारा म्हणून फेंटोलामाइन असतं. लहान कामांसाठी १९०८ पासून चालत आलेला बियरचा ब्लॉकही आहे: पट्टा फुगवून हाताच्या शिरेतच औषध भरायचं. सोनोग्राफी लागत नाही, पण पट्टा वीस मिनिटांच्या आत चुकूनही सोडायचा नाही, नाहीतर सगळं औषध एकदम हृदयाकडे.

डायलिसिससाठी मनगटावर फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा जोड, करायचा असेल तर ब्लॉकचा एक जादा फायदा मिळतो. नसांबरोबर रक्तवाहिन्यांना आकसायला लावणारे तंतूही बधिर होतात, वाहिन्या फुगतात, जोड टिकतो. ग्लासगोतल्या १२६ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी ब्लॉक दिलेल्यांपैकी ८४ टक्के फिस्टुला चालू होते, फक्त जागेवर भूल दिलेल्यांपैकी ६२ टक्के. हा अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. मधुमेहाने किडनी गेलेले रुग्ण आपल्याकडेही कमी नाहीत, त्यामुळे हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलाय.

औषधाच्या मात्रेचा हिशेब मी नेहमी कागदावर करते. ब्युपिव्हाकेन हे जास्त वेळ चालणारं औषध, वजनाच्या किलोमागे साधारण दोन मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. साठ किलोच्या माणसाला एकशे वीस मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का औषधाचे चोवीस मिलीलिटर. पण बेचाळीस किलोच्या आजीला सतराच्या आत थांबावं लागतं, आणि चार नसा भिजवायच्या तर ते पाण्यासारखं वापरून चालत नाही. लिग्नोकेन हे दुसरं भुलीचं औषध मिसळलं तर दोघांचा हिशेब एकत्र धरायचा, वेगवेगळा नाही. मात्रा वाढली किंवा शिरेत गेली तर ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंजणं, मग आकडी, आणि वेळीच आवरलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. यावर उतारा म्हणजे वीस टक्के लिपिड इमल्शन, दुधासारखं पांढरं सलाइन, किलोमागे दीड मिलीलिटर झटकन. ते थिएटरच्या कपाटात हवंच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या पंचवीस हजारांहून जास्त ब्लॉक्सच्या नोंदी सांगतात की सोनोग्राफी वापरल्याने औषध अंगात भिनण्याचा हा धोका दोन-तृतीयांशाने कमी होतो.

नसेला इजा होण्याचं प्रमाण मात्र सोनोग्राफीने घटल्याचं दिसलेलं नाही. कायमची किंवा लांबलेली इजा दहा हजारांत दोन ते चार जणांना होते, आणि त्यातल्या काही मोडलेल्या हाडामुळे, पट्ट्यामुळे किंवा घट्ट प्लास्टरमुळेही असतात. म्हणून सुई घालण्याआधी बोटं हलतात का, बधिरपणा आधीपासून आहे का, हे तपासून कागदावर लिहून घेतात. सुई घालताना हातात वीज सळसळल्यासारखी कळ गेली तर रुग्णाने लगेच सांगायचं, धीराने सोसायचं नाही. जागं ठेवण्याचा हा एक मोठा उपयोग आहे.

आपल्याकडच्या थिएटरमध्ये सोनोग्राफीच्या यंत्राशेजारी "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी पाटी दिसते आणि मनगट मोडलेला माणूस ती वाचून चक्रावतो. गर्भलिंगनिदानावर कायदा आधी महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला, देशभराचा १९९४ मध्ये झाला. त्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवावं लागतं, ते नुसतं हातावर फिरणारं असलं तरी. नोंदलेल्या जागेबाहेर ते सहज नेता येत नाही. सकाळी एका गावात, दुपारी पुढच्या तालुक्यात भूल देणाऱ्यांना म्हणूनच यंत्र पिशवीत टाकून फिरता येत नाही, ते त्या त्या रुग्णालयात असावं लागतं. कायदा ज्या कारणाने आला ते पाहता मी त्यावर कुरकुर करणार नाही. पण तुमच्या गावातल्या रुग्णालयात ब्लॉक सोनोग्राफीखाली देतात की नाही, याचं उत्तर पुष्कळदा डॉक्टरच्या कौशल्यापेक्षा या कागदांत असतं.

ब्लॉक असला तरी पोट रिकामं लागतं. ब्लॉक अपुरा पडला तर पूर्ण भूल द्यावी लागते, त्याची तयारी हवी. "काय खाल्लंत?" विचारलं की हमखास उत्तर येतं, "काय नाय, नुसती पेज." पेज हे जेवणच आहे. तिला सहा तास मोजावे लागतात. साधं पाणी, बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. ब्लॉक दिल्यावर स्पिरिटचा बोळा बोटांवर फिरवून गार लागतंय का विचारतात, मग कोपर सरळ करा, वाकवा, अंगठा करंगळीला लावा, बोटं फाकवा. प्रत्येक हालचाल एकेका नसेची हजेरी आहे. एखादी नस जागी सापडली तर तेवढीच पुढच्या हातात गाठून पुरवणी द्यायची. हे होईपर्यंत सर्जन घड्याळ बघत असतो. बघू दे. ऑपरेशन चालू असताना ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळतं, दुखत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. आणि एक गंमत ठरलेली: मेंदूला हाताची शेवटची जागा आठवत असते. हात पोटावर आहे असं वाटतं आणि डोळ्यांसमोर तर तो बाजूच्या पाटावर. मालवणकडचे लोक हमखास विचारतात, "डॉक्टरांनू, माझो हात खंय गेलो?"

ब्युपिव्हाकेनसारख्या औषधाची भूल आठ ते सोळा तास राहते. तोवर हात झोळीत, कारण ढिला हात बसच्या खिडकीत, दारात सापडला तरी कळत नाही. चुलीपासून, गरम चहाच्या कपापासून लांब. संध्याकाळच्या एसटीने घरी गेलेल्यांची खरी पंचाईत पहाटे होते. भूल उतरते, तोवर दाबून ठेवलेलं दुखणं एकदम वर येतं, आणि गोळ्या पाकिटातच असतात, कारण "दुखतच नव्हतं, मग कशाला घ्यायच्या?" गोळ्या भूल उतरण्याआधीच सुरू करायच्या, बोटांत मुंग्या परत आल्या की लगेच, आणि रात्रीची वेळ चुकवायची नाही.

पुढच्या हाताचं हाड मोडलेलं असेल तर आणखी एक काळजी. स्नायूंच्या कप्प्यात सूज येऊन दाब वाढला तर पहिलं लक्षण असतं वाढत जाणारं, गोळ्यांनी न थांबणारं दुखणं, आणि भूल नेमकं तेच झाकून ठेवू शकते. म्हणून फार चेंगरलेल्या हाताला सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून थोडा वेळ चालणारं औषध निवडतात किंवा ब्लॉकच टाळतात. घरी गेल्यावर बोटं फिकट किंवा निळी पडली, गार झाली, बोट नुसतं सरळ करून बघितलं तरी कळ आली, किंवा चोवीस तासांनंतरही हात बधिरच राहिला, तर फोनवर विचारत बसू नका. प्लास्टर कापता येईल अशा जवळच्या दवाखान्यात त्याच रात्री जा.